शीघ्रपतन: समजून घेण्याची आणि उपचार सुरू करण्याची रीत

दवाखान्यात येणारा पुरुष आधी अंगदुखी सांगतो, ॲसिडिटी सांगतो, झोप लागत नाही असे सांगतो आणि औषधांची चिठ्ठी घेऊन निघता निघता, दाराच्या कडीवर हात ठेवून, आवाज खाली आणून म्हणतो, ‘डॉक्टर, टायमिंगचा जरा प्रॉब्लेम आहे.’ तो मुळात ज्यासाठी आलेला असतो ते असे शेवटच्या अर्ध्या मिनिटात बाहेर पडते, आणि कित्येकदा तेही पडत नाही. शीघ्रपतन बहुतेकांच्या बाबतीत उपचारांनी आटोक्यात येते. घराचे स्वास्थ्य जाते ते वर्षानुवर्षे गप्प राहिल्यामुळे.

किती मिनिटे, हा पहिला प्रश्न नव्हे. वीर्यपतनावर ताबा अजिबात राहत नाही का, हे जवळजवळ दर वेळी होते का, आणि त्यामुळे स्वतःला किंवा पत्नीला मनस्ताप होतो का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. पहिल्या संबंधापासूनच योनीप्रवेशाआधी किंवा त्यानंतर सुमारे 1 मिनिटाच्या आत वीर्यपतन होत असेल तर त्याला जन्मजात प्रकार म्हणतात. आधी सुरळीत असलेला वेळ पुढे घटून सुमारे 3 मिनिटांवर किंवा त्याहून खाली आला असेल, तर तो नंतर उद्भवलेला प्रकार. नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिका या पाच देशांतील जोडप्यांनी प्रत्यक्ष स्टॉपवॉच लावून केलेल्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मध्यम वेळ 5.4 मिनिटे भरला होता. अश्लील चित्रफिती पाहून अर्ध्या तासाची अपेक्षा धरणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. चार-पाच मिनिटे टिकणाऱ्या पुरुषाला औषधाची नव्हे, खऱ्या माहितीची गरज असते. तसेच आखातात किंवा दूरच्या शहरात नोकरी करून चार-सहा महिन्यांनी घरी परतलेल्याला पहिल्या रात्री लवकर वीर्यपतन झाले, तर तो आजार नव्हे.

जन्मजात प्रकारात मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या कार्याचा वाटा असावा असे मानले जाते, म्हणून त्यात पुरुषाचा काही दोष किंवा पाप नाही. हस्तमैथुनाने नसा कमजोर होतात, धातू गेल्याने अंगातली ताकद जाते, ही भीती मात्र खरोखर माणसाला आजारी पाडते, मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 साली तिला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. नंतर उद्भवलेल्या प्रकारात कारण शोधावेच लागते. लिंगाची ताठरता मध्येच जाईल या धास्तीने पुरुष नकळत घाई करतो, आणि अशा वेळी आधी ताठरतेवर, म्हणजेच तिच्यामागे असू शकणाऱ्या मधुमेहावर किंवा रक्तदाबावर, उपचार करावे लागतात. थायरॉइडचे वाढलेले कार्य, प्रोस्टेट ग्रंथीची सूज, चिंता आणि नवराबायकोतील अबोला हीसुद्धा कारणे असतात.

घरी करण्याजोगा मुख्य सराव म्हणजे थांबा-आणि-सुरू करा ही पद्धत, जी जेम्स सीमन्स या डॉक्टरांनी 1956 साली मांडली. उत्तेजनेला मनातल्या मनात 1 ते 10 असे गुण द्यावेत. 9 नंतर वीर्य अडवता येत नाही, म्हणून 7 वर थांबायला शिकायचे आहे. आधी एकट्याने, कोरड्या हाताने, घाई न करता सुरुवात करावी. 7 जवळ आले की हात पूर्ण बाजूला घ्यावा, पोट सैल सोडून सावकाश श्वास घ्यावा आणि अर्ध्या-एक मिनिटात गुण 3-4 वर उतरले की पुन्हा सुरू करावे. असे तीनदा थांबून चौथ्या वेळी वीर्यपतन होऊ द्यावे. आठवड्यातून तीन वेळा हे सहज जमू लागले की वंगण लावून, नंतर पत्नीच्या हाताने, आणि त्यानंतर पत्नी वर असताना योनीप्रवेश करून हालचाल न करता, अशा पायऱ्या चढाव्यात. प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील. पायरी गाळणाऱ्याचाच सराव फसतो. संभोगाच्या वेळी मनात पाढे म्हणणे किंवा ऑफिसच्या हिशेबात लक्ष घालणे हा लोकप्रिय उपाय मला चुकीचा वाटतो, कारण ज्या संवेदनेवर ताबा मिळवायचा तिच्याकडेच त्यामुळे पाठ फिरवली जाते.

याला ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या व्यायामाची जोड द्यावी. लघवी मध्येच थांबवताना जो स्नायू आवळला जातो तो एकदा ओळखावा, पण व्यायाम लघवी करताना करू नये. पोट, मांड्या व नितंब सैल ठेवून तो स्नायू 5 सेकंद आवळावा आणि 5 सेकंद पूर्ण सोडावा. असे 10 वेळा, दिवसातून तीनदा, निदान 12 आठवडे करावे. सोडणे हे आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पत्नीशी बोलण्यासाठी अंथरुणाबाहेरची, निवांत वेळ निवडावी. ‘मला लवकर होतं, त्यावर मी उपाय करतोय, तुझी साथ हवी आहे,’ एवढे म्हटले तरी पुरे. स्त्रीचे सुख केवळ योनीप्रवेशावर अवलंबून नसते, हे दोघांनी मान्य केले की पुरुषावरचे परीक्षेचे ओझे पुष्कळ उतरते.

औषधे उपयोगी आहेत, पण ती डॉक्टरांनी तपासून दिलेली असावीत. लिडोकेन-प्रिलोकेन हे बधिरता आणणारे मलम शिश्नमण्यावर, म्हणजे लिंगाच्या टोकावर, थोडेसे, सुमारे 15-20 मिनिटे आधी लावतात आणि संबंधापूर्वी धुऊन टाकतात, नाहीतर पत्नीलाही बधिरता येते. डॅपॉक्सेटिनची गोळी संबंधाच्या 1 ते 3 तास आधी घ्यायची असते. तिने मळमळ व चक्कर येते, क्वचित शुद्ध हरपते, म्हणून ती मद्यासोबत कधीही घेऊ नये, आणि हृदयविकार असेल किंवा नैराश्यावरील औषधे चालू असतील तर तसे आधीच सांगावे. पॅरॉक्सेटिन किंवा सर्ट्रालिन हे मुळात नैराश्यावरचे औषध रोज घ्यावे लागते, परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात आणि ते एकाएकी बंद करता येत नाही. मूल हवे असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. मेडिकलमधून मित्राच्या सांगण्यावरून आणल्या जाणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदा सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठीचे औषधही असते, आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याच्या जिवावर ते बेतू शकते. ट्रामाडॉल या वेदनाशामक औषधाने वेळ वाढतो हे खरे असले तरी त्याचे व्यसन लागते, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये.

भिंतींवरच्या आणि लोकलच्या डब्यांतल्या ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ या जाहिरातींबद्दल मला मनापासून चीड आहे. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे महिन्याचा पगार तिथे ओतून येतात, आणि अशा नावगाव नसलेल्या पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेले आढळलेले आहे.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. गरजेप्रमाणे ते मूत्ररोगतज्ज्ञांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. तोंडाने सांगणे जमत नसेल तर घरीच एका कागदावर लिहावे: त्रास कधीपासून आहे, दर वेळी होतो की कधीकधी, अंदाजे किती वेळात, ताठरता टिकते का, कोणती औषधे व व्यसने चालू आहेत. तो कागद खुर्चीत बसताच, अंगदुखीचे सांगण्याआधी, डॉक्टरांच्या हातात द्यावा.