गळू, केसतोड की नुसतीच लाली? आधी पू आहे का बघा

अंगावर काही लाल, दुखरं उठलं की घरातली हाताला लागेल ती ट्यूब चोळायची सवय आधी सोडा, कारण त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, लाली-खाज दबते आणि आत इन्फेक्शन मात्र वाढत राहतं. त्यापेक्षा हात लावून बघा, गरम लागतंय का, ठणकतंय का आणि मुख्य म्हणजे आत पू आहे का. पुढचा इलाज त्यावरच ठरतो.

पू असेल, म्हणजे केसतोड किंवा गळू, तर ते बहुतेकदा स्टॅफ जंतूचं काम. छोटं असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने 10-15 मिनिटं शेका, दिवसातून 3-4 वेळा, बरेचदा आपोआप फुटून निचरा होतो. पिळायचं नाही, सुईने टोचायचं तर अजिबातच नाही, नाक आणि वरच्या ओठाजवळ तर हातसुद्धा लावू नका. मोठं गळू असेल तर डॉक्टरकडून चीर देऊन पू काढणं हाच खरा इलाज, पुवाच्या पिशवीत औषध नीट पोचतच नाही, मग नुसत्या गोळ्या खाऊन काय होणार!

लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ मधाच्या रंगाची खपली दिसली तर ते बहुतेकदा इम्पेटायगो, म्हणजे कातडीच्या वरच्या थराचं जंतूंचं इन्फेक्शन. पटकन पसरतं, टॉवेल वेगळा ठेवा. थोडंच असेल तर डॉक्टर सहसा म्युपिरोसिनसारखं मलम देतात, तेवढ्यावर भागतं.

आता पू नाही पण एका पायावर लाली पसरत चाललीय, सूज आहे, पाय गरम लागतोय, तर सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या आतल्या थरांचं इन्फेक्शन, असू शकतो, याला अँटिबायोटिक लागतंच आणि ते डॉक्टरनेच ठरवायचं. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहून ठेवा, म्हणजे लाली किती पसरली ते कळतं, पाय उंच ठेवा. औषध सुरू केल्यावर पहिला दिवसभर लाली थोडी पुढे सरकली तरी लगेच घाबरू नका, पण 48 तासांत उतार नाही पडला तर परत दाखवा. (दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर बहुतेकदा दुसरंच काहीतरी असतं.) बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का तेही बघा, जंतू बरेचदा तिथूनच शिरतात, त्या बऱ्या केल्या नाहीत तर पुन्हा होऊ शकतं.

थंडी-ताप, वर चढणारी लाल रेघ, डोळ्याभोवती सूज, कातडी काळी-जांभळी पडणं किंवा दिसतंय त्याच्या मानाने दुखणं भलतंच जास्त, यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. डायबेटिस असेल तर साध्या गळवालाही लवकर दाखवा. आणि गळवं परत परत येत असतील तर शुगर तपासा, पुवाचं कल्चर (कुठला जंतू आहे ते बघायची तपासणी) करायला सांगा, नाकात जंतू ठाण मांडून बसलेत का तेही डॉक्टरला विचारा.