बेडरूममधलं रडणारं वायफाय कसं सुधारलं
रात्री आठनंतर बेडरूममधे रेंज फुल दाखवायची पण व्हिडिओ कॉल अडकणारच, आणि कस्टमर केअरवाल्यांचं एकच, राऊटर बंद करून चालू करा. आधी लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड बघितला, तो पूर्ण १०० एमबीपीएस येत होता, म्हणजे लाईन ठीक, घोळ वायफायचाच. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर (आसपासचे राऊटर कुठल्या चॅनलवर आहेत ते दाखवणारं अ‍ॅप) टाकलं तर अख्खी बिल्डिंग २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या बँडमधल्या चॅनल ६ वर, म्हणजे एकाच लेनमधे, येऊन बसलेली! १, ६, ११ हे तीनच एकमेकांत घुसत नाहीत म्हणून ११ घेतला, शेजारच्यांशी टक्कर कमी व्हावी म्हणून चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. राऊटरच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या बँडला वेगळं नाव देऊन लॅपटॉप तिकडे टाकला, पण ५ चा सिग्नल भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतो, मग टीव्हीमागचा राऊटर काढून पॅसेजमधे उंचावर लावला. कॉल आता अडकत नाही, किचनमधे मायक्रोवेव्ह चालू असला की २.४ अजून थोडं गंडतं, ते चालतंय.