जिमची फी भरताना या चुका टाळा

गणपती गावी गेले, चाकरमानी मुंबईला परतले, की रत्नागिरीतल्या जिममध्ये नव्या मंडळींची गर्दी होते. दिवाळी आली की त्यातल्याच काहींचे मला फोन येतात. "दादा, पैसे भरताना एक बोलले, आता वेगळंच सांगतायत." बारा-तेरा वर्षं व्यायाम करतोय, तीन जिम बदलून झाल्यात, म्हणून लोक मला विचारतात. तक्रार दरवर्षी तीच असते. आणि पैसे कष्टाचे असतात, म्हणून दरवर्षी वाईटही वाटतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी वर्षाची फी भरणं. माझा भाचा मिरकरवाड्यातून सुटणाऱ्या बोटीवर असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ते दोन महिने तो घरी. २०२४ च्या जूनमध्ये त्याने जिम लावली. तीन महिन्यांचे ३,०००, वर्षाचे ८,०००, आणि "ऑफर आजच्या दिवसापुरतीच". त्याने विचारलं, "ऑगस्टपासून मी समुद्रात असणार, मग?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "फ्रीझ करून देऊ, फक्त सांगा." फ्रीझ म्हणजे मुदत मध्येच थांबवून ते दिवस पुढे वापरायला मिळणं. एवढ्या शब्दावर पैसे दिले. वर १८ टक्के जीएसटी लावला, म्हणजे १,४४०. एकूण ९,४४०, रोख.

ऑगस्टमध्ये फ्रीझ करायला गेला तर तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. नवा म्हणाला, "तुमच्या प्लॅनमध्ये ती सोय नाही." पावतीवर बघावं तर फक्त नाव आणि रक्कम. मी सोबत गेलो. मालकांना भेटायचं म्हटलं तर "सर बाहेर आहेत", असं तीन वेळा झालं. चौथ्या खेपेला भेटले, तेव्हा मी पावतीवर जीएसटी नंबर का नाही एवढंच विचारलं. नोंदणीच नव्हती. ज्याची नोंदणी नाही त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. १,४४० चार दिवसांनी परत मिळाले. महिने मात्र बुडाले. लेखी तक्रार करू म्हटलं तर भाचा म्हणाला, "मामा, जाऊ दे, आपल्याच वाडीतले आहेत."

हे "आपलेच आहेत" आपल्याला बुडवतं. आंब्याची पेटी घेताना आपण विचारतो, किती डझनाची, फळ केवढं, वरचा थर आणि खालचा थर सारखा आहे ना. तोच माणूस जिमच्या काउंटरवर आठ हजार ठेवताना गप्प बसतो, कारण मालक शाळेतला मित्र असतो नाहीतर ट्रेनर शेजारचा. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आणि दरफलक न लावता "आधी बसा, मग बोलू" म्हणणाऱ्या मालकांनाही माझं सांगणं आहे: दर भिंतीवर लावा. माणूस बघून दर सांगितला की तो संध्याकाळपर्यंत अख्ख्या नाक्याला कळतो.

माझी सवय साधी आहे. काउंटरवर उभं राहूनच त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो: आज इतके भरतोय, त्यात रजिस्ट्रेशन आणि टॅक्स धरून सगळं आलं, मुदत या तारखेपासून या तारखेपर्यंत, फ्रीझ इतके दिवस, मध्येच सोडलं तर इतके परत. "हो" आल्याशिवाय क्यूआर स्कॅन करत नाही. समोरचा चिडला तर तिथूनच मागे फिरतो.

टॅक्सचं नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवर जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. अजून कुणी १८ लावत असेल तर कारण विचारा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यवसायाला सहसा नोंदणी लागत नाही, त्यामुळे लहान जिमने टॅक्स लावलाच नाही तर त्यात काही गैर नाही. लावला तर पावतीवर १५ अंकाक्षरांचा नंबर हवा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नाव दिसतं.

यूपीआय ऑटोपे, म्हणजे खात्यातून फी आपोआप कापली जाण्याची सोय, लगेच चालू करू नका. केलं असेल तर ते आपल्याच अ‍ॅपमधून बंद करता येतं, काउंटरची परवानगी लागत नाही.

पीटीचे, म्हणजे पर्सनल ट्रेनरचे, पैसे वेगळे असतात. आधी विचारा.

जिम बघायला सकाळी अकराला जाऊ नका. तुम्ही ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला जा, जमलं तर पावसात. वीज गेली की जनरेटरवर पंखे चालतात का, खाऱ्या वाऱ्याने मशीनच्या केबल गंजल्यात का, हे तेव्हाच कळतं. गंजलेल्या केबलखाली मी मान घालत नाही.

आणि घाई करणाऱ्यांनो, एका महिन्यात पोट उतरवायचं म्हणून वर्षाची फी, पीटी आणि पावडरचा डबा एकदम घेऊ नका. आधी तीन महिने टिका. तोवर ऑफर जाणार असेल तर जाऊ द्या. दुसरी येते.

पैसे अडकलेच असतील तर काउंटरवरच्या मुलाशी भांडण्यात दम घालवू नका, त्याच्या हातात काही नसतं. मालकाला तारखांसह लेखी कळवा. उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पावती न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली जाते. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकीलही लागतोच असं नाही.

भाच्याने पुढच्या जूनला दुसरी जिम लावली, दोनच महिन्यांसाठी. पैसे देण्याआधी मेसेज टाकला आणि उत्तर येईपर्यंत बाहेर पायरीवर पावसात थांबला. वीस मिनिटांनी "हो, बरोबर" आलं, मग आत गेला.