विंड टनेलमध्ये एअरफॉइलची पहिली चाचणी कशी घ्यावी

एरोनॉटिकल शाखेत संशोधनाला लागलेल्या विद्यार्थ्याला नव्या आकाराचा पंख तपासण्याची ओढ असते. तरीही पहिला महिना नाका (NACA) ००१२ या जुन्या, सममित एअरफॉइलला, म्हणजे पंखाच्या आडव्या छेदाच्या प्रमाणित आकाराला, द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच्यावर जगभर इतकी मोजमापे झाली आहेत की आपले आकडे चुकले तर ते लगेच लक्षात येते; शिवाय वाऱ्याशी शून्य अंशाचा कोन असताना त्याची लिफ्ट (वर उचलणारे बल) शून्यच यायला हवी, ही कसोटी आयती मिळते.

समजा, टनेलचा चाचणी विभाग, म्हणजे मॉडेल वाऱ्यात बसवण्याची जागा, ६०० मिलिमीटर बाजूचा चौरस आहे, मॉडेलची कॉर्ड (पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) १५० मिलिमीटर आहे, पंख एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचतो आणि वेग सेकंदाला २० मीटर ठेवायचा आहे. हवेची घनता पुस्तकातून उचलू नये. घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम हा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश सेल्सिअसचा आहे. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर आणि ३० अंश तापमानात, घनता १.०९ च्या आसपास असते. पुस्तकातला आकडा वापरला तर पिटो नळीवरून (प्रवाहाकडे तोंड असलेल्या, दाब मोजणाऱ्या नळीवरून) काढलेला वेग जवळजवळ सहा टक्के कमी येतो आणि रेनॉल्ड्स संख्याही (वेग, आकार आणि हवेची चिकटता यांवरून प्रवाहाचे स्वरूप सांगणारा आकडा) चुकते. हवामानाच्या बातमीतला दाबही घेऊ नये, कारण तो समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. प्रयोगशाळेतला बॅरोमीटर वाचावा, आणि टनेल चालू असताना हवा तापत जाते म्हणून तापमान अधूनमधून नोंदवावे.

या वेगाला गतिज दाब (हवेच्या वेगामुळे येणारा दाब) सुमारे २२० पास्कल, म्हणजे पाण्याचा जेमतेम २२ मिलिमीटर स्तंभ, भरतो. उभ्या मॅनोमीटरवर (द्रवाच्या पातळीवरून दाब दाखवणाऱ्या नळीवर) एक मिलिमीटर चुकीचा वाचला तरी साडेचार टक्क्यांची चूक होते आणि ती पुढच्या प्रत्येक गुणांकात उतरते. म्हणून मॅनोमीटर आडव्याशी ३० अंशांवर तिरका करावा, म्हणजे तेवढाच दाब दुप्पट लांबीवर वाचता येतो.

मॉडेलच्या पृष्ठभागावरच्या प्रत्येक दाब-छिद्राची नळी टनेल सुरू करण्याआधी तपासावी. सिरिंजने हलका दाब द्यावा, नळीचे टोक बंद करावे आणि पातळी स्थिर राहते का ते पाहावे. ती उतरत गेली तर गळती आहे, आणि छिद्र उघडे असूनही हळूहळू हलली तर आत धूळ अडकली आहे किंवा नळी चिमटली आहे. माझ्या पहिल्या प्रयोगात मॉडेलच्या बुंध्याशी एक नळी दुमडली होती. दाबाच्या आलेखात त्या एकाच जागी आलेल्या उंचवट्याचे भौतिक कारण शोधण्यात माझे चार दिवस गेले.

आता शून्याची परीक्षा. उणे चार ते अधिक चार अंशांपर्यंत लिफ्ट मोजावी, मग मॉडेल पालथे बसवून तेच पुन्हा करावे. लिफ्ट शून्य होण्याचा कोन दोन्ही वेळा त्याच बाजूला सरकलेला दिसला, तर टनेलमधल्या प्रवाहाला कल आहे किंवा कोनमापकाचे शून्य चुकले आहे. तो विरुद्ध बाजूला गेला तर दोष मॉडेलच्या घडणीत आहे. हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरा कस लागतो तो ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा रोध, मोजताना. वरच्या मापांत शून्य अंशाला ड्रॅगचा गुणांक ०.०१ च्या आसपास धरला, तर बल सुमारे २० ग्रॅम वजनाइतके भरते. आठ अंशांच्या आसपास त्याच पंखावरची लिफ्ट दीड किलोच्या वर जाते. तराजू अर्ध्या अंशाने जरी कललेला असला तरी त्या लिफ्टमधले सुमारे १४ ग्रॅम ड्रॅगच्या खात्यात जमा होतात. म्हणून ड्रॅगसाठी तराजूवर विसंबू नये. पंखाच्या मागे, कॉर्डच्या एक पट अंतरावर, पिटो नळ्यांचा कंगवा उभा लावावा आणि पंखामागच्या मंदावलेल्या पट्ट्यात हवेने किती संवेग गमावला ते मोजून त्यावरून ड्रॅग काढावा. नळ्या पट्ट्याच्या मधल्या भागात दाट हव्यात, आणि दोन्ही टोकांच्या नळ्या स्वच्छ प्रवाहात आहेत याची खात्री करावी. पंख स्टॉल झाल्यावर, म्हणजे कोन फार वाढून प्रवाह पंखापासून सुटल्यावर, मात्र ही पद्धत सोडून द्यावी.

दोन लाखांच्या आतबाहेरच्या रेनॉल्ड्स संख्येला आणखी एक अडचण येते. पृष्ठभागालगतचा हवेचा लॅमिनार (शांत, पदर न मिसळणारा) थर सुटतो, टर्ब्युलंट (खळबळीचा) होतो आणि पुन्हा चिकटतो. मधे जो बुडबुडा तयार होतो त्यामुळे लिफ्टची रेषा सरळ राहत नाही. केरोसिन, टायटॅनियम डायऑक्साइड आणि ओलेइक अॅसिडचे चार थेंब यांचा पातळ लेप लावून टनेल चालवले, की त्या जागी लेप साचून पंखाच्या लांबीभर पांढरी रेघ उमटते. नंतर थर आधीच टर्ब्युलंट व्हावा म्हणून पंखाच्या पुढच्या कडेपासून कॉर्डच्या पाच टक्क्यांवर वाळूच्या बारीक कणांची पट्टी चिकटवून मोजमाप पुन्हा घ्यावे. जर्मनीतल्या गोटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रान्टल यांनी १९१४ मध्ये गोलावर बारीक तारेचे कडे बसवून हाच परिणाम दाखवला होता. कोल्हापूरकडच्या विष्णु माधव घाटगे यांनी पुढे त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवले, आणि १९५१ मध्ये आकाशात झेपावलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवले. आपल्या विद्यार्थ्यांना ही परंपरा ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

भिंतींचा अडथळाही हिशेबात धरावा: हे मॉडेल शून्य अंशाला चाचणी विभागाचा ३ टक्के भाग अडवते, तर १५ अंशांना सुमारे साडेसहा. दुरुस्त केलेले आणि न केलेले आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवावेत.

शेवटी कोन वाढवत स्टॉलपलीकडे जावे आणि त्याच पायऱ्यांनी परत यावे. उतरताना प्रवाह पुन्हा चिकटण्याचा कोन बहुधा खालचा येतो, आणि फ्लाइट मेकॅनिक्सवाल्याला स्टॉलमधून बाहेर पडण्याचे गणित मांडताना नेमका तोच हवा असतो. म्हणून दोन्ही वाटांची रीडिंगे, त्या त्या वेळचे तापमान आणि बॅरोमीटर यांच्यासह, सरासरी न काढता जशीच्या तशी जपून ठेवावीत.