परिरक्षण खात्यात नव्याने रुजू होणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी: चर बुजवताना हजर राहा

बृहन्मुंबई महानगरपालिकेत स्थापत्य अभियंता म्हणून रुजू होताना बहुतेकांना मध्यवर्ती रस्ते विभाग हवा असतो, कारण काँक्रिटीकरणाची मोठी कामे तिथे असतात. वॉर्डातील परिरक्षण खात्यात खड्डे, पदपथ, कर्बस्टोन आणि तक्रारी वाट्याला येतात. तरीही रस्ता शिकायचा तो इथेच, असे माझे ठाम मत आहे. रस्ते राखणे हे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, हे तुम्ही परीक्षेत लिहिलेच असेल. त्या कर्तव्याची खरी कसोटी चरात लागते.

वीज, गॅस किंवा दूरसंचाराची वाहिनी टाकणारी संस्था परवानगी घेऊन शुल्क भरते आणि रस्ता खोदते. वाहिनी टाकून झाल्यावर चरात भराव घातला जातो आणि वरचा थर बहुधा पालिकेचा कंत्राटदार घालतो. घोळ होतो तो या दोन हातांच्या मधे. उपसलेला राडारोडा एकदम चरात लोटून वरून रोलर फिरवला, तर दाब वरच्या थरालाच बसतो आणि खाली पोकळी राहते. वर मास्टिक (गरम ओतायचे घट्ट डांबरी मिश्रण) कितीही चांगले घातलेले असो, पावसाचे पाणी कडेच्या सांध्यातून मुरते, भराव बसतो आणि रस्ता चराच्या लांबीभर खचतो. मग संस्था वरच्या थराला दोष देते, कंत्राटदार भरावाला, आणि खुलासा तुमच्याकडे मागितला जातो. पहिल्याच पावसाळ्यात मला असा खुलासा लिहावा लागला. तो चर मी रुजू होण्यापूर्वीच बुजवलेला होता, पण हद्द माझी होती. त्याचा सल अजून गेलेला नाही.

म्हणून भराव पडताना, म्हणजे बहुधा रात्री, जागेवर उभे राहा. पंधरा ते वीस सेंटिमीटरचा थर, बेताचा ओलावा, प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट पत्रा आपटून माती दाबणाऱ्या यंत्राने) धुमस आणि मगच पुढचा थर, हा क्रम मोडू देऊ नका. प्रत्येक थराचे छायाचित्र टेप लावून घ्या. शंका आली तर पहार मारून पाहा, कारण नीट बसलेल्या भरावात ती सहज शिरत नाही. हे मला एका मुकादमाने शिकवले. घनतेच्या चाचणीची जागा ही युक्ती घेत नाही, परंतु रात्री दोन वाजता प्रयोगशाळा उघडी नसते. जुन्या खुलाशांचे तयार मसुदे पुढे सरकवणाऱ्या वरिष्ठांपेक्षा असा मुकादम गाठावा.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. दोन-तीन चर डोळ्यांदेखत भरले गेले की नजर आपोआप तयार होते.

पदपथाबाबत एकच सांगते: आयआरसी १०३ मधील (पादचारी सुविधांसाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतील) किमान १.८ मीटर रुंदी ही मोकळी रुंदी आहे, तेव्हा फीडर पिलर (पदपथावरच्या विजेच्या पेट्या), खांब आणि झाडांची आळी वगळूनच टेप धरा.

पावसाळ्यात तातडीच्या कामांखेरीज खोदकामाला सहसा परवानगी नसते, त्यामुळे मेअखेरीस सर्वांनाच घाई असते आणि सर्वांत कच्चे चर त्याच दिवसांत बुजवले जातात. त्या पंधरवड्यात रजा टाकू नका.