स्वीडिश जोडनामांची फोड कशी करावी

स्वीडिश मजकुरात पंधरा-वीस अक्षरांचे एकच नाम समोर आले, की नवशिका वाचक ते डावीकडून लावत जातो आणि मध्येच अडकतो. अशा शब्दाची फोड उजवीकडून करावी. शब्दाचा मुख्य अर्थ, लिंग आणि अनेकवचन ही तिन्ही शेवटच्या पदाकडून येतात. मराठीत ‘घोडदौड’ ही ‘दौड’मुळे स्त्रीलिंगी ठरते, तसेच हे आहे. स्वीडिश नामांचे लिंगानुसार ‘एन’ आणि ‘एत्त’ असे दोन गट पडतात. ‘फूटबॉल’ हे नाम ‘एन’ गटातले असले, तरी ‘लाग’ (संघ) ‘एत्त’ गटातले असल्यामुळे ‘फूटबॉल्सलाग’ हे जोडनामही ‘एत्त’ गटातच बसते.

शेवटचे पद बाजूला केल्यावर सांध्यात ‘स’ आहे का, ते पाहावे. ‘बॉल’ आणि ‘प्लान’ (मैदान) मिळून ‘बॉलप्लान’ होते, तेथे ‘स’ लागत नाही. परंतु ‘फूटबॉल’ हा स्वतःच जोडशब्द असल्याने त्यापुढे ‘प्लान’ येताना ‘फूटबॉल्सप्लान’ असा ‘स’ शिरतो. म्हणजे मोठा काप त्या ‘स’नंतर घ्यायचा. हा नियम अगदी पक्का नाही, कारण दोनच पदांच्या कित्येक शब्दांतही ‘स’ असतो. तरी लांब शब्दांत हीच खूण सर्वांत उपयोगी पडते. काही वेळा पहिल्या पदाचा अंत्य स्वर गळतो किंवा बदलतो: ‘फ्लिका’ (मुलगी) पासून ‘फ्लिकस्कूला’ (मुलींची शाळा), ‘गाता’ (रस्ता) पासून ‘गातुहोर्न’ (रस्त्याचा कोपरा). ‘घोडा’चे ‘घोड’ करणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

उच्चारातील अवयव मात्र वेगळे मोजावेत. ‘यार्नव्हेग्सस्ताशून’ (रेल्वे स्थानक) यात पदे तीन, पण स्वर चार, म्हणून अवयव चार: यार्न-व्हेग्स-स्ता-शून. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना आधी पदांचा सांधा पाहावा. एकाच पदात तोडणे भाग पडले, तर एक व्यंजन पुढच्या ओळीला द्यावे. शंका आल्यास स्वीडिश अकादमीची शब्दसूची उघडावी. तिची पहिली आवृत्ती 1874 मध्ये निघाली.

खरी गंमत एकाच लेखनाच्या दोन फोडींत आहे. ‘बिल्द्रुले’ हा शब्द ‘बील-द्रुले’ असा तोडला, तर बेफिकीर मोटारचालक. ‘बिल्द-रुले’ असा तोडला, तर चित्रांची गुंडाळी. ‘ग्लास’मध्ये ‘आ’ दीर्घ असेल तर काच, ऱ्हस्व असेल तर आइस्क्रीम. दुसऱ्याच्या लेखनात दोन ‘स’ असतात आणि त्यापुढे ‘स्कोल’ (वाडगा) जोडल्यावर तीन ‘स’ एकत्र यायला हवेत. पण स्वीडिशमध्ये सलग तीन सारखी व्यंजने लिहीत नाहीत, त्यामुळे काचेचा वाडगा आणि आइस्क्रीमचा वाडगा कागदावर अगदी सारखे दिसतात. ओळ तुटली, की तिसरा ‘स’ परत येतो.

जोडनाम लिहिताना पदांत मोकळी जागा सोडू नये. विशेषणांनाही हेच लागू आहे: ‘रोकफ्रित’ म्हणजे धूम्रपानमुक्त, तर ‘रोक फ्रित’ म्हणजे खुशाल धूम्रपान करा.