डॅशकॅम नुसता लावून भागत नाही
सिग्नलला एक बाईकवाला मुद्दाम माझ्या बंपरला घासून आडवा पडला, लगेच दोघं-तिघं जमून पैसे मागायला लागले, मी डॅशकॅमकडे (गाडीच्या पुढच्या काचेला लावलेला, रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) बोट दाखवलं तेव्हा कुठे पांगले. म्हणून सांगतो, कॅमेरा आरशाच्या मागे लावा, तारीख-वेळ बरोबर सेट करा, मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्सचंच, म्हणजे सतत रेकॉर्डिंग झेपणारं घ्या. लूप रेकॉर्डिंगमध्ये कार्ड भरलं की जुनी फाइल आपोआप पुसली जाते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यामुळे काही झालं की लगेच कॅमेऱ्यावरचं लॉकचं बटण दाबा म्हणजे ती फाइल पुसली जाणार नाही, घरी आल्यावर फाइल कॉपी करा आणि ओरिजिनलला कट-एडिट काही करू नका. खरंच कुणाला लागलं असेल तर आधी दवाखाना. जागेवर पैसे देऊ नका, ११२ लावा. कोर्टात व्हिडिओ द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ (पुराव्याचा कायदा) च्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, वकिलाला विचारा.